कुरकुमिनच्या कॅप्सूल: रोजच्या जेवणात हळद असताना वेगळी गोळी घ्यावी का?

सई_कोथरूड

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे. माझे बाबा ७१ वर्षांचे. दोन्ही गुडघे झिजलेत, ऑपरेशनला अजून वेळ आहे असं हाडांचे डॉक्टर म्हणतात. आत्तेभाऊ न्यू जर्सीहून येताना कुरकुमिनच्या कॅप्सूलची भली मोठी बाटली घेऊन आला. एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क, त्यात ९५ टक्के कुरकुमिनॉइड्स (हळदीतले कुरकुमिन वगैरे पिवळे घटक), शिवाय ५ मिलिग्रॅम मिऱ्याचा अर्क. सकाळ-संध्याकाळ एकेक. बाटलीवर दर्शनी भागातच लिहिलंय, 'शक्तिशाली अँटिऑक्सिडंट'.

आईचं म्हणणं, हळदच आहे ना, जन्मभर खातोय, अपाय कसला होणार. मला ते तितकंसं पटत नाही. आमटीतली चिमूट आणि हे ९५ टक्केवालं प्रकरण एकच आहे का? गुडघ्यांना खरंच उपयोग होतो का? बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, रक्त पातळ राहण्याची गोळी चालू आहे. बीपीची तर आहेच. ज्यांनी घेतलंय, ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा. 'गुगल करा' असं कृपया सांगू नका, करून झालंय, डोकं आणखी भणाणलं.

बंड्या_नाशिक

माझी आई घेते. जिना चढायला लागली परत. बिनधास्त द्या. आपल्या आज्यांनी जखमेवर हळद दाबली, सर्दीला हळदीचं दूध पाजलं, तेव्हा कुणी प्रयोगशाळेत गेलं नव्हतं. आता अमेरिका तीच हळद आपल्याला डॉलरमध्ये विकते आणि आपण शंका काढत बसतो. पेटंटची भानगड विसरलात वाटतं सगळे.

फार्मसीवाली

सईताई, आधी नुसता हिशोब करू.

बाजारातल्या हळद पावडरीत कुरकुमिन साधारण ३ टक्के धरा. काही जातींत जास्त असतं, त्यावर इथले शेतकरी लिहितीलच. अर्धा चमचा हळद म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास, त्यात कुरकुमिन ४५ मिलिग्रॅम. बाबांच्या दोन कॅप्सूल मिळून होतात ९५० मिलिग्रॅम. तेवढं हळदीतून मिळवायचं तर रोज तीसएक ग्रॅम हळद, म्हणजे जवळजवळ दहा चमचे खावी लागेल. दहा चमचे हळद आजवर कुणाच्या आजीने रोज खाल्लेली नाही, त्यामुळे 'जन्मभर खातोय' हा मुद्दा इथे लागू होत नाही.

हे झालं मात्रेचं. दुसरी गोष्ट मिऱ्याची. कुरकुमिन पाण्यात विरघळत नाही. आतड्यातून जे थोडंफार आत शिरतं त्यावर आतड्याची भिंत आणि यकृत लगेच प्रक्रिया करतात आणि शरीर ते बाहेर टाकतं. नुसतं कुरकुमिन कितीही गिळलं तरी रक्तात नावापुरतंच सापडतं. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी २ ग्रॅम कुरकुमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपेरीन दिलं, म्हणजे मिऱ्यातला तिखट घटक, आणि शोषण २००० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. तेव्हापासून जगातल्या निम्म्या बाटल्यांवर हा आकडा छापला जातोय. प्रयोग मोजक्या निरोगी माणसांवर होता, हे बाटलीवर छापत नाहीत.

पायपेरीन हे करतं कसं? यकृत आणि आतड्यातली औषधं मोडणारी यंत्रणा ते मंद करतं. ही यंत्रणा म्हणजे जकात नाक्यासारखी समजा, सगळा माल तिथूनच जातो. नाक्यावरची तपासणी थांबली की फक्त हळदीचा ट्रक सुटत नाही, मागचे सगळेच सुटतात. फिट्सवरची फेनिटोइन, कार्बामाझेपिन, बीपीसाठी दिली जाणारी प्रोप्रॅनोलॉल, दम्याची थिओफायलिन यांचं रक्तातलं प्रमाण पायपेरीनमुळे वाढल्याच्या नोंदी आहेत. आमच्या काउंटरवर लोक म्हणतात, 'हे हर्बल आहे, डॉक्टरांना कशाला सांगायचं'. नेमकं हेच सांगायला हवं असतं.

बाबांची रक्त पातळ करणारी गोळी नेमकी कोणती ते सांगाल का?

सई_कोथरूड

क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन, एकत्र गोळी आहे. दहा चमच्यांचा हिशोब आईला वाचून दाखवला. 'मग अर्धी गोळी दे' म्हणाली.

जोशीबुवा_देवरुख

अर्धी गोळी! वहिनींना साष्टांग.

वैद्य_कुडाळ

मी आयुर्वेदाचा पदवीधर आणि चिकित्सक, तरीही फार्मसीवाली ताईंशी बराचसा सहमत. हळद आमच्याकडे उष्ण आणि रूक्ष मानली आहे. म्हणून ती तुपात, दुधात, किंवा दुसऱ्या द्रव्याच्या जोडीने देतात. प्रमेहात आवळ्याबरोबर, त्वचारोगात कडुनिंबासारख्या द्रव्यांबरोबर. मात्रा रुग्ण पाहून, काळ ठरवून. हळदीतून एकच घटक उपसून, दोन-दोन वर्षं रोज गिळायचा, ही पद्धत आयुर्वेदाची नाही. अशी गोळी घ्यायची तर खुशाल घ्या, पण तिला 'आपली परंपरा' म्हणू नका. ते आधुनिक औषध आहे आणि त्याला आधुनिक औषधाचेच नियम लावा.

मात्र एक टोचणी आहे. दुधात हळद घेणाऱ्यालाही हल्ली लोक 'पुरावा काय' विचारतात. २०२० साली कोविड सुरू झाला तेव्हा आयुष मंत्रालयानेच १५० मिलिलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद घ्या असं सांगितलं होतं. तेवढ्याने कोविड थांबतो असा दावा कुणी केला तर तो चूक. पण घसा शेकला जातो, झोप बरी लागते, एवढ्यासाठी घेतली तर त्यात कुणाचं काय जातं?

केमिस्ट_डोंबिवली

दुधातल्या हळदीवर कुणाचा आक्षेप नाही वैद्यराज. माझा आक्षेप आहे 'शक्तिशाली अँटिऑक्सिडंट' या शब्दांवर.

परीक्षानळीत कुरकुमिन अँटिऑक्सिडंट आहे हे खरं. त्याच्या रेणूत दोन फिनॉलचे गट आहेत, ते मुक्त मूलकांना, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर कणांना, हायड्रोजन देऊन शांत करतात. बारावीच्या मुलालाही पटेल. पण परीक्षानळीत जेवढं कुरकुमिन ओततात, त्याच्या पासंगालाही पुरेल इतकं रक्तात पोचत नाही. म्हणजे शरीरात काही परिणाम होत असेल तर तो दुसऱ्याच एखाद्या वाटेने होत असणार.

तरी इतके शेकडो शोधनिबंध 'कुरकुमिनने हे केलं, ते केलं' म्हणतात ते कसे? २०१७ साली 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'मध्ये अमेरिकेतल्या काही औषध-रसायनतज्ज्ञांनी मोठा आढावा घेतला. त्यांचं म्हणणं असं की हा रेणू चाचणीलाच फसवतो. तो स्वतः चमकतो, त्यामुळे प्रकाश मोजणाऱ्या चाचण्या चुकतात. धातूंना चिकटतो. प्रथिनांना चिकटतो. रक्ताइतक्या किंचित अल्कधर्मी द्रावणात काही मिनिटांत निम्म्याहून जास्त मोडतो, मग परिणाम त्याचा की त्याच्या तुकड्यांचा हेही कळत नाही. तोवर कुरकुमिनच्या शंभराहून जास्त मानवी चाचण्या झाल्या होत्या, आणि दुहेरी अज्ञात (खरं औषध कुणाला ते रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही), प्लासिबो-नियंत्रित (तुलनेला बिनऔषधाची गोळी) अशी एकही नि:संशय यशस्वी नाही, हा त्यांचा निष्कर्ष. रसायनतज्ज्ञ सहसा इतकं कडक लिहीत नाहीत.

त्यात आणखी एक. या विषयातलं सगळ्यांत गाजलेलं नाव म्हणजे ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधले भरत अग्रवाल. कुरकुमिन आणि कर्करोग यावर त्यांचे ढीगभर निबंध होते, हजारो जणांनी ते उद्धृत केले. त्यातल्या चित्रांबद्दल शंका निघाल्या आणि पंचवीसहून जास्त निबंध नियतकालिकांनी मागे घेतले. त्या पायावर बांधलेली बाकीच्यांची घरं तशीच उभी आहेत.

अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगलंच, हे गृहीतकसुद्धा एकदा जोरात आपटलेलं आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, त्यातल्या निम्म्यांना बीटा-कॅरोटीन दिलं. गाजरातलं, तेही वनस्पतिजन्य, तेही अँटिऑक्सिडंट. १९९४ साली निकाल आला, फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढलेला. गाजर खाऊन कुणाला काही झालं नव्हतं.

बंड्या_नाशिक

म्हणजे आईचा जिना चढणं थोतांड? आणि पेटंटचं काय? आपली हळद गुणकारी नसती तर अमेरिकेने पेटंट घेतलंच कशाला असतं?

केमिस्ट_डोंबिवली

पेटंटचा किस्सा तुम्ही दुसऱ्यांदा काढलात म्हणून सांगतो. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरमधल्या दोन संशोधकांना जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. दोघेही मूळचे भारतीय, ही त्यातली गंमत. सीएसआयआर ही भारत सरकारची वैज्ञानिक संशोधन संस्था, आव्हान दिलं तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक. संस्थेने १९९६ साली पेटंटला आव्हान दिलं, ३२ संदर्भ पुढे केले, त्यात १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला निबंधही होता, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. मराठी माणसाने अभिमान बाळगावा अशीच ती लढाई. पण तिथे सिद्ध काय झालं? हे ज्ञान नवं नाही, एवढंच. गुडघ्याला कॅप्सूल लागू पडते की नाही हा त्या खटल्याचा विषय नव्हता. आणि जखमेवर दाबलेली हळद कातडीवर राहते, तिला आतडं आणि यकृत ओलांडावं लागत नाही.

डॉ_हाडवैद्य_२

बंड्याभाऊंच्या आईला थोतांड म्हणायची घाई नको. मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. आढाव्याचा सूर बरोबर असला तरी गुडघ्याच्या झिजेबाबत चित्र तितकं कोरडं नाही.

थायलंडमध्ये ३६७ रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१४ साली छापून आली. निम्म्यांना हळदीचा अर्क दिवसाला १५०० मिलिग्रॅम, निम्म्यांना आयबुप्रोफेन १२०० मिलिग्रॅम, चार आठवडे. दुखणं दोन्हीकडे सारखंच कमी झालं, आणि पोटदुखीची तक्रार अर्काच्या गटात कमी होती. यात प्लासिबोचा गट नव्हता, ही त्रुटी. दुसरी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाची, २०२० ची. ७० रुग्ण, १२ आठवडे, इथे प्लासिबो होता. गुडघ्यात पाणी असलेले रुग्ण मुद्दाम निवडले होते. दुखणं प्लासिबोपेक्षा कमी झालं. एमआरआयमध्ये मात्र सांध्यातलं पाणी आणि कुर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, होती तशीच. म्हणजे गोळी झीज भरून काढत नाही, काहींचं दुखणं काही काळ सुसह्य करते. बाटलीवर 'कुर्चेची पुनर्बांधणी' लिहिलेलं असेल तर ते सोडून द्या.

पेनकिलरने ज्यांचं पोट बिघडतं, मूत्रपिंड नाजूक आहे, अशा निवडक रुग्णांना मी ठराविक मुदतीसाठी घेऊ देतो. यकृताची तपासणी करून, आणि आधी इतर गोळ्यांची यादी बघून. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन यांच्यासमोर मात्र ही गोळी फार लहान आहे. सईताई, बाबा खुर्चीत बसून पाय सरळ करून धरण्याचा व्यायाम करतात का? कॅप्सूल गिळायला कुणी विसरत नाही, व्यायाम सगळेच विसरतात.

टेक्सासची_मावशी

सई, तुझ्या भावाने प्रेमाने आणलंय, त्याला बोलू नको. पण इकडची व्यवस्था तुम्हाला माहीत असावी. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने असल्या गोळ्या 'आहारपूरक' म्हणून विकतात. बाजारात आणण्याआधी त्या गुणकारी आणि सुरक्षित आहेत हे एफडीएला, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियंत्रकांना, सिद्ध करून दाखवावं लागत नाही. आमच्या वाचनकट्ट्यातल्या एका बाईंना याच गोळ्यांवर कावीळ झाली. आठवडाभर इस्पितळात होत्या. डॉक्टरांनी दारू विचारली, पेनकिलर विचारल्या, सगळं नाही. शेवटी त्यांच्या मुलीने स्वयंपाकघरातली बाटली नेऊन दाखवली तेव्हा उलगडा झाला. बंद केल्यावर हळूहळू उतरली.

यकृतवाला_नागपूर

मावशींनी लिहिलेली घटना अपवादात्मक आहे, पण अद्भुत नाही. मी पोटविकारतज्ज्ञ.

इटलीमध्ये २०१८-१९ च्या सुमारास हळदीच्या अर्काच्या गोळ्यांमुळे यकृताला सूज आल्याच्या वीसहून जास्त केसेस नोंदल्या गेल्या आणि तिथल्या आरोग्य मंत्रालयाने वेष्टनावर इशारा छापायला लावला. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी ऑगस्ट २०२३ मध्ये तसाच इशारा दिला. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणारं इस्पितळांचं जाळं आहे. त्यांनी हळदीच्या १० केसेस तपशिलात मांडल्या. पाच जणांना दाखल करावं लागलं, एक दगावला. ज्या सात रुग्णांच्या गोळ्या प्रयोगशाळेत तपासल्या त्या सातही गोळ्यांत हळद होतीच, म्हणजे गोळीत हळद नव्हतीच ही पळवाट तिथे मिटली. तीन गोळ्यांत पायपेरीनही होतं.

त्यातली सगळ्यांत बोलकी गोष्ट जनुकाची. दहांपैकी सात जणांत एच.एल.ए.-बी ३५:०१ हा जनुकाचा प्रकार सापडला. ग्रीन टीच्या अर्काने यकृत बिघडलेल्यांतही हाच प्रकार जास्त सापडतो. म्हणजे लाखो लोक गोळी पचवतील आणि एखाद्याचंच यकृत तिच्यावर उलटेल, आणि तो एखादा कोण हे आधी ओळखता येत नाही. शोषण वाढवणाऱ्या नव्या पद्धती, मिरी, चरबीचे सूक्ष्म कण, असलं काही असलेल्या गोळ्यांवर युरोपातल्या संस्थांचा जास्त रोख आहे. जाहिरातीत जो गुण म्हणून सांगतात, त्याचीच आम्हाला धास्ती.

लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, अंगाला खाज, भूक मेलेली, यातलं काहीही दिसलं तर गोळी त्या क्षणी बंद आणि रक्ततपासणी. लघवीचा पिवळेपणा 'हळदीचाच असेल' म्हणून सोडून देणारे रुग्ण मी पाहिलेत.

पित्ताशयात खडे असतील तर गोळी नको. कुरकुमिनने पित्ताशय आकुंचन पावतं, खडा नळीत अडकला तर रात्री दोनला तुम्ही आमच्याकडे. मुतखडा वारंवार होणाऱ्यांनीही लांब राहावं, हळदीत ऑक्झलेट बरंच असतं आणि त्यातलं बहुतेक विरघळणारं असतं. लोह कमी असलेल्या बायकांनीही जपून, कुरकुमिन लोहाला धरून ठेवतं.

आणि सईताई, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल. न्यूझीलंडमध्ये वॉरफॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधावर असलेल्या एका रुग्णाने हळदीची गोळी सुरू केल्यावर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, १० च्या वर गेल्याची नोंद २०१८ ची आहे. एवढ्या आयएनआरला कुठूनही रक्तस्राव होऊ शकतो. तुमच्या बाबांची गोळी वॉरफॅरिन नाही, पण ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू असताना वर तिसरं काही मी देणार नाही. तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना बाटलीचा फोटो पाठवा. ती हृदयाची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, कुणीतरी दोन्हींत गोंधळ करतं म्हणून सांगितलं.

फार्मसीवाली

+१. 'आजपासून नैसर्गिक उपचार' म्हणून स्टेंटची गोळी थांबवणारे खरंच भेटतात.

सई_कोथरूड

सगळ्यांचे आभार. हृदयाच्या डॉक्टरांना फोटो पाठवला होता, 'नको' एवढं एकच उत्तर आलं. बाबांना फारसं दुःख झालेलं दिसलं नाही, गोळी गिळताना घशात अडकायची म्हणे. आई मात्र बाटली टाकून द्यायला तयार नाही. पायाचा व्यायाम सुरू केलाय, टीव्हीवर मालिका लागली की बाबांनी पाय वर करायचे.

आता आईचा पुढचा प्रश्न. गोळी नाही तर निदान हळद तरी उत्तम आणायची, जास्त कुरकुमिनची. सांगलीची, वायगावची, की ती मेघालयची लाकडोंग म्हणतात ती?

हळदकरी_मिरज

आमच्या घरात तीन पिढ्या हळद आहे, म्हणून लिहितो.

कुरकुमिन जातीवर ठरतं, जमिनीवर आणि काढणीवर ठरतं. कृष्णा जातीत पावणेतीन टक्क्यांच्या आसपास, सेलममध्ये चार ते साडेचार, कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राची फुले स्वरूपा पाचच्या वर. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची सहाच्या घरात सांगतात, तिला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं, सांगलीच्या हळदीला २०१८ ला. लाकडोंग त्याहून सरस. पण गावाच्या नावावर जाऊ नका, पाकिटात काय भरलंय ते गावाला माहीत नसतं.

आमच्याकडं अक्षयतृतीयेच्या पुढं लागण, नऊ महिन्यांनी काढणी. काढल्यावर शिजवावी लागते. पूर्वी काहिलीत पाण्यात शिजवायचे, आता वाफेचे कुकर आलेत. शिजली का ते काडी टोचून बघायचं, काडी सहज आरपार गेली पाहिजे. जास्त शिजवली तर रंग मरतो, कमी शिजली तर आत बुळबुळीत राहते नि पुढं किडते. मग उन्हात पंधरवडाभर वाळवण. शंभर किलो ओल्या हळदीची वाळून वीस-बावीस किलो होते. मग ड्रममध्ये घालून पॉलिश, वरची साल घासून काढायची, शेवटी वरनं हळदीचंच पाणी मारायचं, की हळकुंड चकाकतं.

खोट इथंच शिरते. चकाकीला दर मिळतो. मग कुणी हळदीऐवजी दुसराच पिवळा रंग मारतो. हरिपूरला जमिनीखाली पेवं होती, मातीत खणलेली, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची, रंगही चढायचा. २००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं आणि सगळं गेलं. तेव्हापासून पेवं बंद पडत गेली.

केमिस्ट_डोंबिवली

हळदकरीदादा, तो 'दुसरा पिवळा रंग' म्हणजे लेड क्रोमेट, यावर थांबायला हवं. माझ्या मते कुरकुमिन ३ टक्के की ६ टक्के यापेक्षा हा प्रश्न कितीतरी मोठा आहे. त्यात शिसं असतं. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही.

बांगलादेशात स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१९ साली हे उघडकीला आणलं, गरोदर बायकांच्या रक्तातलं शिसं कुठून येतं याचा माग काढता काढता ते हळदीपर्यंत पोचले. सरकारने बाजारात जाऊन माल जप्त केला, दंड केले, आणि २०१९ ला ४७ टक्के नमुन्यांत सापडणारं शिसं २०२१ ला शून्यावर आलं. आपल्याकडचा आणि शेजारच्या देशांचा अभ्यास २०२४ मध्ये आला, २३ शहरांतले ३५६ नमुने. पाटणा आणि पाकिस्तानातल्या कराची, पेशावरच्या काही नमुन्यांत ग्रॅममागे १००० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं निघालं. आपली कायद्याची मर्यादा १० आहे.

घरी चाचपायचं तर ग्लासभर पाण्यात चमचाभर पावडर टाका, ढवळू नका. शुद्ध हळद तळाला बसताना पाणी फिकट पिवळं होतं. पाणी गर्द पिवळं झालं तर रंग मिसळलेला आहे असं समजा. शिशाची पक्की खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते.

हळदकरी_मिरज

बरोबर. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, पावडर घेऊ नका, हळकुंडं घ्या, तीही फार चकचकीत नकोत. मातकट, जरा खरबरीत साल असलेली बघा. हातात घासून बघा, बोटाला गडद रंग लागला तर परत ठेवा. मोडल्यावर टणक मोडलं पाहिजे, आत नारिंगी-पिवळं, वास उग्र. धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून गिरणीत दळा. गिरणीवाल्याला आधी मिरची दळली का विचारा, नाहीतर घरभर शिंका.

सई_कोथरूड

हे आईला पटलं! शेवटचा प्रश्न, आमटी उकळताना कुरकुमिन उडून जात नाही ना? तसं असेल तर हळद शेवटी घालायची का?

फार्मसीवाली

म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेत हे मोजलंय. हळद उकळली-शिजवली की २७ ते ५३ टक्के कुरकुमिन कमी होतं, सगळ्यांत जास्त प्रेशर कुकरमध्ये दहा मिनिटं ठेवल्यावर. पण चिंच बरोबर असेल तर नुकसान १२ ते ३० टक्क्यांवरच थांबतं, आंबटात हा रेणू जास्त टिकतो. शेवटी घालू नका, कच्चट वास राहील. डाळीबरोबर कुकरला लावण्यापेक्षा फोडणीत तेलावर घाला, तेलात विरघळते ती.

जोशीबुवा_देवरुख

म्हणजे चिंच-गुळाची आमटी. आमच्याकडे आमसुलाची असते, ते आंबट चालेल ना?

फार्मसीवाली

आमसुलावर मोजलेलं माझ्या वाचनात नाही बुवा, पण आंबट ते आंबट. चालावं.